हिस्टॉरिक हॅन्सार्ड : माँट्रोज बरोज या जुन्या स्कॉटिश मतदारसंघावर पारखलेली एक मोफत सेवा

ब्रिटिश संसदेचे कामकाज ज्या खंडांत छापले जाते त्यांना हॅन्सार्ड म्हणतात. १८०३ ते २००५ या काळातले खंड स्कॅन करून त्यांतला मजकूर संसदेने संकेतस्थळावर खुला ठेवला आहे. त्याचे नाव हिस्टॉरिक हॅन्सार्ड. पैसे पडत नाहीत, खाते उघडावे लागत नाही. पाने साध्या मजकुराची असल्यामुळे मोबाइलच्या डेटावरही उघडतात. बडोद्यात बसून एकोणिसाव्या शतकातल्या हिंदुस्थानविषयक चर्चा मुळातून वाचायच्या असतील, तर याहून सोपा मार्ग नाही. एखाद्या मतदारसंघाचा इतिहास मात्र एवढ्यावर लिहिता येत नाही. खासदार सभागृहात काय बोलला ते इथे मिळते. त्याला कोणी, कसे आणि कुठून निवडून दिले ते मिळत नाही. हा फरक लक्षात ठेवून सेवा वापरली तर ती फार मोलाची आहे.

पारख करायला एकच मतदारसंघ घेतला आहे, स्कॉटलंडचा माँट्रोज बरोज ('बरोज' म्हणजे गावे). १८३२ साली तो अस्तित्वात आला, १९५० साली संपला, आणि तेवढ्या काळात त्याने अकरा खासदार दिले. मराठी वाचकाने नेमका हाच निवडावा याला सबळ कारण आहे. साताऱ्याच्या छत्रपती प्रतापसिंहांचा कैवार घेऊन कॉमन्स सभेत बोलणारे जोसेफ ह्यूम इथलेच खासदार, आणि मोर्ले-मिंटो सुधारणांमधले जॉन मोर्लेही इथलेच. पाठ्यपुस्तकात मोर्ले भेटतात ते भारतमंत्री म्हणून. त्यांना निवडून देणारी पाच लहान गावे कुठली, हे कुठेच वाचायला मिळत नाही.

ती गावे अशी : माँट्रोज, आरब्रोथ, ब्रीकिन, फॉरफर आणि इन्व्हरबर्वी. पहिली चार अँगस परगण्यातली (त्या काळी त्याला फॉरफरशर म्हणत), तर इन्व्हरबर्वी उत्तरेला किंकार्डिनशरमध्ये. गावे एकमेकांना लागून नव्हती. मधली शेते, खेडी, जमीनदारांच्या वाड्या या मतदारसंघात येत नसत. त्यांचे मतदार परगण्याच्या वेगळ्या जागेसाठी मत देत. बडोदेकरांना हे समजायला जड जाऊ नये. बडोदा, कडी, नवसारी, अमरेली असे सुटे तुकडे मिळून गायकवाडांचे एक संस्थान होत असे, तसेच हे पाच सुटे ठिपके मिळून एक खासदार होत असे. स्कॉटलंडमध्ये अशा जोडगावांच्या मतदारसंघाला 'डिस्ट्रिक्ट ऑफ बरोज' म्हणत. नकाशावर सलग रंग भरलेला आकार शोधत बसलात तर तो सापडणार नाही.

आता प्रत्यक्ष वापर. आत शिरायला मुख्य दारे तीन आहेत : मतदारसंघांची अकारविल्हे यादी, व्यक्तींची यादी, आणि बैठकींच्या तारखा. सुरुवात मतदारसंघाच्या यादीपासून करावी. रोमन एम अक्षराखाली माँट्रोज बरोज उघडले की खासदारांची नावे आणि कालावधी दिसतात, आणि प्रत्येक नावावरून त्या व्यक्तीच्या पानावर जाता येते. इथे पहिली काळजी स्पेलिंगची. स्कॉटिश 'बरो'चे स्पेलिंग बी-यू-आर-जी-एच असे आहे. इंग्लंडमधल्या बरोचे लांबलचक स्पेलिंग टाकून शोधले तर हाती काही लागत नाही.

यादी अशी जुळायला हवी : होरेशियो रॉस, पॅट्रिक चाल्मर्स (१८३५ पासून), जोसेफ ह्यूम (१८४२ ते १८५५), विल्यम एडवर्ड बॅक्स्टर (१८५५ ते १८८५), जॉन शायरेस विल (१८८५ ते १८९६), जॉन मोर्ले (१८९६ ते १९०८), रॉबर्ट हारकोर्ट (१९०८ ते १९१८), जॉन लेंग स्टरॉक (१९१८ ते १९२४), रॉबर्ट हचिसन (१९२४ ते १९३२), चार्ल्स कर (१९३२ ते १९४०) आणि जॉन मॅक्ले (१९४० ते १९५०). ही यादी कागदावर लिहून शेजारी ठेवा. पुढे अर्ध्या चुका ती एकटीच पकडून देते.

व्यक्तीच्या पानावर जन्म-मृत्यूच्या तारखा, त्या माणसाने लढवून जिंकलेल्या सगळ्या जागा, आणि वर्षागणिक भाषणांची यादी असते. पहिला सापळा इथेच आहे. ह्यूम यांचे पान उघडले की त्यांच्या साऱ्या कारकिर्दीची भाषणे एकाच ओळीत येतात. ती सगळी माँट्रोजच्या खासदाराची नव्हेत. १८१२ साली ते वेमथकडून थोडा काळ सभागृहात होते, १८१८ ते १८३० ॲबर्डीन बरोजकडून, मग मिडलसेक्सकडून, मग आयर्लंडमधल्या किल्केनीकडून, आणि १८४२ पासून मृत्यूपर्यंत माँट्रोज बरोजकडून. म्हणून १८२४ साली मजूर संघटनांवर बंदी घालणारे कायदे रद्द करवण्यात ह्यूम पुढे होते ते ॲबर्डीन बरोजचे खासदार म्हणून. वर्ष पाहून भाषण कोणत्या जागेच्या खात्यावर मांडायचे ते ठरवावे लागते. सेवा ते आपोआप करून देत नाही.

ह्यूम यांच्यासाठी ही कटकट सोसावी. १७७७ साली माँट्रोजमध्येच जन्मलेला हा माणूस ईस्ट इंडिया कंपनीत शल्यवैद्य म्हणून हिंदुस्थानात आला, इथल्या भाषा शिकला, आणि १८०३ च्या इंग्रज-मराठा युद्धात बुंदेलखंडातल्या फौजेबरोबर होता. परत जाऊन तो संसदेत बसला आणि सरकारी खर्चातला पै-पैचा हिशेब मागणारा म्हणून गाजला. काँग्रेसच्या स्थापनेशी ज्यांचे नाव जोडले जाते ते ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम हे त्यांचे चिरंजीव. प्रतापसिंहांना कंपनीने १८३९ साली पदच्युत करून काशीला पाठवले. त्यांची कैफियत घेऊन रंगो बापूजी लंडनमध्ये वर्षानुवर्षे राहिले. १८४० च्या दशकात तीच कैफियत सभागृहात एकापेक्षा अधिक वेळा मांडणारा माणूस म्हणजे माँट्रोजचा हा खासदार. प्रतापसिंह १८४७ च्या ऑक्टोबरमध्ये काशीलाच वारले. साताऱ्याचा हा सारा झगडा मराठीत आपण रंगो बापूजींच्या बाजूने वाचतो. हॅन्सार्डमध्ये तो टेबलाच्या पलीकडून वाचायला मिळतो. सरकारपक्ष काय उत्तर देत होता, कागदपत्रे द्यायला का टाळाटाळ करत होता, कंपनीचे समर्थक कोणते मुद्दे उगाळत होते, हे सगळे एका जागी आहे.

ते शोधताना मात्र साताऱ्याचे आजचे स्पेलिंग सोडून द्या. त्या काळच्या मथळ्यांत ते बहुधा दोन टी घालून छापलेले असते, आणि आधी राजा हा शब्दही शेवटी एच लावून येतो. दोन्ही रूपे टाकून पाहावीत. सर्चच्या खिडकीत संकेतस्थळाचे नाव घालून शोध तेवढ्यापुरता मर्यादित केला, तर इतर पाल्हाळ गळून पडतो.

मजकूर वाचताना दुसरी मोठी गोष्ट लक्षात ठेवायची. १९०९ पूर्वीचे हॅन्सार्ड हे शब्दशः टिपण नाही. तोवर तो खाजगी प्रकाशकांचा व्यवसाय होता, आणि सुरुवातीच्या दशकांत वृत्तपत्रांतले वृत्तान्त जुळवून भाषणे तयार केली जात. म्हणून ह्यूम यांचे भाषण 'माननीय सदस्य म्हणाले की' अशा तृतीयपुरुषी थाटात येते. ते अवतरणचिन्हात घालून 'ह्यूम यांचे शब्द' म्हणून छापणे चुकीचे आहे. सारांश म्हणून वापरा, आणि ज्या वाक्यावर तुमचा सगळा मुद्दा उभा आहे ते त्या दिवसांच्या लंडनच्या एखाद्या वृत्तपत्राशी ताडून पाहा. १९०९ पासून संसदेने स्वतःचे अधिकृत वृत्त सुरू केले. तिथून पुढे भाषण प्रथमपुरुषी आणि जवळजवळ शब्दशः मिळते. माँट्रोजच्या अकरा खासदारांपैकी पहिले सहा या रेषेच्या आधीचे आहेत.

संदर्भ कसा द्यायचा हे प्रत्येक चर्चेच्या डोक्यावर लिहिलेलेच असते : कॉमन्ससाठी (निवडून आलेल्यांचे सभागृह) एचसी, लॉर्ड्ससाठी (सरदारांचे सभागृह) एचएल, मग तारीख, खंड, आणि सीसी अक्षरांपुढे आकडे. हे आकडे पानांचे नव्हेत, स्तंभांचे आहेत. हॅन्सार्डच्या प्रत्येक पानावर दोन स्तंभ छापलेले असतात आणि क्रमांक स्तंभाला असतो. प्रबंधात 'पृष्ठ' म्हणून ते आकडे टाकले तर परीक्षकाला छापील खंडात काहीच सापडणार नाही. मालिकाही पाहून ठेवावी. १८३० ते १८९१ तिसरी, १८९२ ते १९०८ चौथी, १९०९ पासून पाचवी. खंडांचे क्रमांक प्रत्येक मालिकेत पुन्हा एकपासून सुरू होतात, त्यामुळे नुसता खंड क्रमांक दिला तर संदर्भ अर्धाच राहतो.

मजकूर कॉपी करताना स्तंभांचे आकडे वाक्याच्या मध्येच घुसतात. चिकटवल्यावर ते हाताने काढावेत, नाहीतर एखाद्या रकमेला किंवा वर्षाला चिकटून आकडा बदलतो. स्कॅनवरून यंत्राने वाचलेला मजकूर असल्यामुळे अक्षरेही कुठे कुठे चुकली आहेत. मतविभाजनाच्या याद्यांत (कोणी कोणत्या बाजूने मत दिले त्यांच्या), जिथे बारीक टाइपात नावांच्या रांगा आहेत, तिथे हे जास्त जाणवते. पण सर्वांत फसवी चूक वेगळीच आहे. चर्चेतले एखादे नाव यंत्राला ओळखता आले नाही तर ते नुसतेच छापले जाते, व्यक्तीच्या पानाशी जोडले जात नाही. म्हणजे व्यक्तीच्या पानावरची भाषणांची यादी पूर्ण आहे असे कधीच धरू नये. एखाद्या वर्षी ह्यूम गप्प दिसले तर ते गप्पच होते असा निष्कर्ष काढण्याआधी त्या वर्षातल्या हिंदुस्थानविषयक बैठकी तारखेच्या दाराने उघडून चाळा. हा वेळ खाणारा उद्योग आहे, पण त्याला पर्याय नाही.

मोर्ले यांच्या बाबतीत सोपेपणा आणि सापळे दोन्ही वाढतात. सोपेपणा असा की त्या काळात सदस्याच्या नावापुढे कंसात मतदारसंघ छापायची पद्धत रूढ झाली होती, त्यामुळे मतदारसंघाच्या नावानेच मजकूर शोधता येतो. मात्र जोडगावांच्या बाबतीत कंसात कधी पूर्ण नाव येते, तर कधी नुसते पहिल्या गावाचे नाव आणि पुढे 'वगैरे'ची इंग्रजी खूण. दोन्ही शोधावीत. सापळा नावाचा आहे. त्याच पिढीत कॉमन्समध्ये आर्नोल्ड मोर्ले होते, चार्ल्स मोर्ले होते, त्याआधी सॅम्युएल मोर्ले होते, आणि लॉर्ड्समध्ये 'अर्ल ऑफ मोर्ले' नावाचे सरदार होते, ज्यांचा आपल्या जॉन मोर्ले यांच्याशी काही संबंध नाही. जन्मवर्ष १८३८ जुळल्याशिवाय पुढे जाऊ नका.

मोर्ले माँट्रोजचे नव्हते. १८९५ च्या निवडणुकीत न्यूकॅसलला त्यांचा पराभव झाला, आणि शायरेस विल यांनी जागा मोकळी केल्यावर १८९६ च्या पोटनिवडणुकीत लिबरल पक्षाला पक्की असलेली ही जागा त्यांना मिळाली. डिसेंबर १९०५ मध्ये ते भारतमंत्री झाले. १९०६ आणि १९०७ या दोन वर्षांचे कॉमन्सचे खंड वंगभंगाच्या चळवळीच्या अभ्यासकाने ओळीने वाचावेत. मे १९०७ मध्ये लाला लजपतराय यांना खटल्याविना मंडालेला धाडले, त्यावर सदस्यांनी प्रश्नांची सरबत्ती केली; उत्तरे द्यायला उभे राहणारे मंत्री म्हणजे हेच उदारमतवादी मोर्ले. ६ जून १९०७ चे हिंदुस्थानच्या अंदाजपत्रकावरचे भाषण सबंध वाचण्यासारखे आहे. मोर्ले यांच्या उदारमतवादाची मर्यादा कुठे आहे, ते त्यातून स्पष्ट कळते.

पण त्यांचे एक गाजलेले भाषण इथे सापडणार नाही. कॅनडात उपयोगी पडणारा केसाळ कोट दख्खनच्या उन्हात घालून कसे चालेल, या आशयाचे त्यांचे बोलणे मराठी वाचकांच्या ऐकण्यात असते. ते भाषण २१ ऑक्टोबर १९०७ रोजी आरब्रोथमध्ये, आपल्या मतदारांसमोर केलेले आहे. संसदेचे अधिवेशन तेव्हा चालू नव्हते, आणि सभागृहाबाहेरचे काहीही हॅन्सार्डमध्ये येत नाही. मोर्ले यांच्या हिंदुस्थानविषयक भाषणांचा संग्रह १९०९ साली छापला गेला. आता त्यावर कोणाचा हक्क उरलेला नाही आणि तो मोफत वाचता येतो, तिथे हे भाषण आहे. या सेवेची सीमा यातून नेमकी कळते. पाच गावांतल्या विणकरांना आणि दुकानदारांना भारतमंत्री कलकत्ता-पुण्याबद्दल काय सांगत होता, हा मतदारसंघाच्या इतिहासातला सर्वांत रसाळ भाग, आणि तोच हॅन्सार्डच्या बाहेर राहतो.

१९०८ च्या मेमध्ये मोर्ले व्हायकाउंट होऊन लॉर्ड्समध्ये गेले. जागा रिकामी झाली, त्याच महिन्यात पोटनिवडणूक होऊन रॉबर्ट हारकोर्ट आले. टिळकांना अटक झाली २४ जूनला आणि शिक्षा झाली २२ जुलैला. म्हणजे टिळकांच्या खटल्याच्या वेळी भारतमंत्री मोर्लेच होते, पण माँट्रोजचे खासदार नव्हते. कॉमन्समध्ये विचारलेल्या प्रश्नांना उपमंत्री उत्तर देत. हे ठाऊक नसलेला विद्यार्थी कॉमन्सच्या बाजूला मोर्ले आणि टिळक ही दोन नावे एकत्र शोधतो आणि 'संसदेत चर्चाच झाली नाही' असे लिहून मोकळा होतो. १९०९ च्या कौन्सिल कायद्यावरचे मोर्ले यांचे प्रमुख भाषणही लॉर्ड्सचेच, २३ फेब्रुवारी १९०९ चे. तारखेच्या दाराने गेलात तर दिवस उघडल्यावर दोन्ही सभागृहांची कामे वेगवेगळी दिसतात. लॉर्ड्सची बाजू निवडायला विसरू नका.

तारखेने शोधणाऱ्यांसाठी आणखी एक व्यवहाराची गोष्ट. सुरुवात मराठी वृत्तपत्रापासून केली असेल तर बातमीची तारीख आणि चर्चेची तारीख एक नसते. तारायंत्रानंतरच्या काळात दैनिकासाठी एक-दोन दिवस मागे जावे. 'केसरी' साप्ताहिक होता, त्याच्यासाठी आठवडाभर किंवा थोडे अधिक. साताऱ्याच्या प्रकरणाच्या काळात टपाल बोटीने येई, तेव्हा महिना-दीड महिना मागे जाऊन शोधावे लागते. चर्चेचा दिवस सापडला नाही की लोक सेवेला दोष देतात. बहुतेक वेळा ते चुकीच्या आठवड्यात शोधत असतात.

मतदार कोण होते याचे उत्तर हॅन्सार्डमध्ये नाही, म्हणून शेजारी दुसऱ्या दोन सेवा उघडाव्याच लागतात. पहिली हिस्टरी ऑफ पार्लमेंट. तिच्यात मतदारसंघांवर स्वतंत्र लेख आहेत, आणि १८२० ते १८३२ पर्यंतचा भाग भरगच्च आहे. अर्थात माँट्रोज बरोज तिथे मिळणार नाही, कारण तो १८३२ साली जन्मला. त्याचा पूर्वज म्हणून ॲबर्डीन बरोज उघडावा : ॲबर्डीन, माँट्रोज, आरब्रोथ, ब्रीकिन आणि इन्व्हरबर्वी. इंग्लंड-स्कॉटलंडच्या १७०७ च्या विलीनीकरणात स्कॉटलंडला ४५ जागा मिळाल्या, त्यांत गावांच्या वाट्याला १५. एडिंबराला स्वतःची एक, बाकी ६५ गावे चौदा गटांत कोंबली. प्रत्येक गावाच्या नगरपरिषदेने एक प्रतिनिधी निवडायचा, प्रतिनिधींनी एका गावात जमायचे, आणि त्यांच्या बहुमताने खासदार ठरायचा. यजमान गाव आळीपाळीने बदले. मते समसमान पडली तर त्याच्या प्रतिनिधीचे निर्णायक मत. पाच गावांच्या गटात शेवटचे मतदान करणारी माणसे पाच! नगरपरिषदाही मावळत्या सदस्यांनीच नवे निवडून चालवलेल्या. ही व्यवस्था समजल्याशिवाय १८३२ च्या बदलाचे वजन कळत नाही.

त्या वर्षीच्या सुधारणा कायद्याने ॲबर्डीनला वेगळी जागा दिली, पर्थच्या गटातून फॉरफर काढून इकडे जोडले, आणि वार्षिक दहा पौंड मोलाच्या घराचा किंवा दुकानाचा ताबा असलेल्या पुरुषाला थेट मत दिले. साऱ्या स्कॉटलंडचे मतदार सुमारे साडेचार हजारांवरून पासष्ट हजारांच्या आसपास गेले. १८६८ मध्ये गावांतले करदाते घरमालक-भाडेकरू पुरुष आले, १८७२ मध्ये गुप्त मतदान आले, १९१८ मध्ये अटींसह तीस वर्षांवरील स्त्रिया आल्या. १९१८ च्या फेररचनेत जोडगावांचे बरेच गट मोडले गेले, माँट्रोज टिकले. मतांचे आकडे हवे असतील तर एफ. डब्ल्यू. एस. क्रेग यांनी संकलित केलेले निकालांचे खंड पाहावेत. १८३२ ते १९४९ हा सगळा काळ तीन खंडांत येतो. हॅन्सार्डमध्ये निवडणुकीचा निकाल शोधण्यात वेळ घालवू नका.

दुसरी सेवा नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या नकाशांची. १८३२ च्या कायद्यासाठी गावागावांची हद्द आखून केलेले नकाशे आणि त्यांच्याबरोबरचे अहवाल तिथे पाहता येतात. पाचही गावे एकेक करून उघडा. हद्द कशी लिहिली आहे ते पाहण्यासारखे आहे : अमुक पुलापासून सरळ रेषेत तमुक घराच्या कोपऱ्यापर्यंत, तिथून ओढ्याच्या काठाने खाली, असे. त्या लायब्ररीची आणखी एक सोय आहे, जुना सर्वेक्षण नकाशा आजच्या उपग्रहचित्रावर ठेवून पारदर्शकता कमी-जास्त करण्याची. तिने १८३२ च्या अहवालातले पूल आणि ओढे आज कुठे आहेत ते ओळखता येते. सावधगिरी एकच : संसदीय हद्द आणि गावाची जुनी पालिका-हद्द वेगवेगळी असते. लोकसंख्येचे आकडे एका हद्दीचे आणि मतदारांचे दुसऱ्या हद्दीचे घेतले की टक्केवारी फसते. नकाशे जड असतात, मोबाइलवर ते थांबत थांबत उघडतात. यासाठी मोठा पडदा आणि बरे वायफाय हवे. नकाशा लेखात छापायचा असेल तर पानावरची परवान्याची ओळ आधी वाचा. हॅन्सार्डचा मजकूर श्रेय देऊन वापरायला संसदेच्या खुल्या परवान्याची मुभा आहे.

बडोद्याच्या अभ्यासकाला ही सेवा माँट्रोजपलीकडेही उपयोगी आहे. मल्हारराव गायकवाडांवरचा विषप्रयोगाचा आरोप, चौकशी आयोग आणि एप्रिल १८७५ मधली पदच्युती यांवर दोन्ही सभागृहांत बोलणे झाले आहे. माँट्रोजचे खासदार तेव्हा बॅक्स्टर होते, डंडीच्या व्यापारी घराण्यातले आणि काही वर्षांपूर्वीच अर्थखात्यात सचिव राहिलेले. इथे अडचण पुन्हा स्पेलिंगची. गायकवाड हे नाव जी-यू-आयने सुरू होणारे, जी-ए-ईने सुरू होणारे, जी-ए-आयने सुरू होणारे, मध्ये सी किंवा के, शेवटी डीऐवजी आर, अशा अनेक रूपांत छापलेले आहे. नुसते बडोदा टाकून शोधले तर सोपे जाते, कारण त्याचे स्पेलिंग फारसे बदलत नाही. ग्वाल्हेरच्या शिंद्यांसाठीही एस-सी-आय आणि एस-आय अशी दोन्ही सुरुवात टाकून पाहा. हॅन्सार्डमधली चर्चा आणि कोठीच्या दफ्तरखान्यातली संस्थानी कागदपत्रे शेजारी ठेवून वाचली, तर लंडनला काय सांगितले जात होते आणि इथे काय चालले होते यातला फरक तारीखवार मांडता येईल. या कामाला इथल्या विद्यापीठातल्या मुलांनी हात घालावा असे मनापासून वाटते, कारण मोडी, मराठी आणि इंग्रजी तिन्ही वाचू शकणारी माणसे याच शहरात आहेत.

संसदेचे नवे हॅन्सार्ड संकेतस्थळही जुने खंड दाखवते आणि त्याचा शोध अधिक नेटका आहे : तारखांची मर्यादा घालता येते, सभागृह निवडता येते. शब्द ठाऊक असेल तर तिथे जावे. माणूस किंवा मतदारसंघ धरून चालायचे असेल तर जुनेच बरे, कारण नावावरून नावावर जाण्याची त्याची गुंफण अधिक सरळ आहे. पाचपैकी चार गुण द्यायला हरकत नाही. एक गुण जातो तो न जोडलेल्या नावांमुळे; ही उणीव पानावर कुठेच दिसत नाही, आणि नवख्या वाचकाला ती कळण्याचा मार्गही नाही.

माँट्रोजची शेवटची बत्तीस वर्षे चटकन वाचून होतात. स्टरॉक लिबरल, हचिसन लिबरल म्हणून आले आणि १९३१ नंतर पक्षातल्या नॅशनल गटात गेले, कर आणि मॅक्ले त्याच गटाचे. म्हणजे नावात लिबरल, पण आघाडी कॉन्झर्व्हेटिव्हांशी. पक्षाच्या रकान्यात नुसते 'लिबरल' लिहिले तर अर्थ उलटा होतो. १९४८ च्या कायद्याने हा मतदारसंघ मोडीत काढला, आणि १९५० च्या निवडणुकीत ही गावे नॉर्थ अँगस अँड मर्न्स आणि साउथ अँगस या दोन सलग परगणा-मतदारसंघांत विभागली गेली. मॅक्ले तिथून न लढता वेस्ट रेन्फ्रूशरकडे गेले आणि पुढे १९५७ मध्ये स्कॉटलंडमंत्री झाले. त्यामुळे १९५० नंतर या गावांचा माग काढताना खासदाराचे पान सोडून द्यावे आणि पुन्हा मतदारसंघांच्या यादीकडे येऊन ही दोन नवी नावे उघडावीत.